घरातले कासव आणि घरातले बाळ

पाळीव प्राण्यांपासून होणारे आजार म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर आधी कुत्रा येतो, मग मांजर. कुत्रा चावला की जखम साबणाने धुवायची आणि रेबीजची लस घ्यायची, हे आता शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण कासव? कासव भुंकत नाही, केस गाळत नाही, सोफ्यावर चढत नाही, त्याच्याबद्दल शेजाऱ्यांची तक्रार येत नाही. शिवाय देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतेच, त्याला हात लावून मगच आपण आत जातो. अशा सोज्वळ प्राण्यापासून आजार होऊ शकतो असे म्हटले, की समोरचा माणूस डॉक्टरकडेच जरा संशयाने पाहू लागतो.

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे काचेच्या पेटीत कासव पाळण्याची हौस बरीच वाढली आहे. कोणी वास्तुशास्त्राच्या नावाने उत्तरेला ठेवतो, कोणी मुलांच्या हट्टापायी आणतो. वेळासच्या किनाऱ्यावर कासवाची पिल्ले समुद्रात जाताना पाहून आलेली मुले परतीच्या वाटेवरच "बाबा, आपण एक पाळूया" म्हणून सुरू होतात, हे मी अनेक पालकांकडून ऐकले आहे. समुद्री कासव पाळता येत नाही, एवढे सर्वांना समजते. मग मोठ्या शहरातल्या मत्स्यपेटीच्या दुकानातून रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे, हिरवेगार, डोळ्यामागे लाल पट्टा असलेले पिल्लू प्लॅस्टिकच्या डबीतून घरी येते. दुकानदार सोबत लाल झाकणाची खाद्याची बाटली देतो. त्यापलीकडे माहिती कोणी देत नाही.

असेच एक पिल्लू आमच्या रत्नागिरीतल्या एका घरात आले. घरात सहा वर्षांचा मुलगा, त्याची आठ महिन्यांची बहीण, आई-वडील आणि आजी. कासव येऊन दीडेक महिना झाला असेल. एका सकाळी आई मुलीला घेऊन दवाखान्यात आली. रात्रीपासून ताप, पाण्यासारखे जुलाब आणि त्यात रक्ताचा अंश. बाळ मलूल, टाळू किंचित खचलेली. आम्ही त्याच दिवशी तिला दाखल केले, शिरेतून सलाईन दिले आणि शौचाचा नमुना कल्चरसाठी पाठवला. तीन दिवसांनी अहवालात साल्मोनेला निघाला. मुलगी सहाव्या दिवशी हसत घरी गेली, त्यामुळे पुढचे सारे शांतपणे लिहिता येते आहे.

प्रश्न असा होता, की आठ महिन्यांच्या, अजून नीट रांगतही नसलेल्या मुलीला हा जंतू मिळाला कोठून? बाहेरचे खाणे नाही, अंडी नाहीत, मांस नाही. पाणी उकळून दिलेले. चौकशी करता करता कासव निघाले. "पण डॉक्टर, ती तर त्याच्या जवळपासही जात नाही," आई म्हणाली. ते खरेच होते. कासवाची पेटी मात्र दर दोन दिवसांनी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये रिकामी होत असे, आणि त्याच सिंकमध्ये, त्याच घासणीने, बाळाची दुधाची बाटली धुतली जात असे. कासवाचे पाणी आम्ही तपासले नाही, त्यामुळे आरोप सिद्ध झाला असे मी म्हणणार नाही. पण वैद्यकशास्त्रात ही वाट फार जुनी आणि चांगली मळलेली आहे.

आता हा जंतू काय आहे ते पाहू. साल्मोनेला हे नाव मासळीच्या साल्मनवरून आलेले नाही. डॅनियल साल्मन नावाच्या अमेरिकन पशुवैद्याच्या आडनावावरून ते पडले. आपल्या परिचयाचा टायफॉईडचा जंतू याच कुळातला. पण टायफॉईड माणसाकडून माणसाला होतो, कासवाचा त्याच्याशी संबंध नाही. कासवातून येणारे साल्मोनेला हे त्याचे चुलतभाऊ. ते आतड्याला सूज आणतात. जंतू पोटात गेल्यापासून साधारण सहा तास ते सहा दिवसांत जुलाब, ताप आणि पोटात कळा सुरू होतात. धडधाकट माणूस चार ते सात दिवसांत आपोआप बरा होतो. पाच वर्षांखालील मुले, वृद्ध, गरोदर स्त्रिया, कर्करोगावर उपचार घेणारे किंवा अन्य कारणाने प्रतिकारशक्ती कमी झालेले लोक यांच्यात मात्र जंतू रक्तात उतरू शकतो. तान्ह्या बाळांत तो मेंदूच्या आवरणापर्यंतही पोचतो.

गंमत अशी, की कासवाला स्वतःला याचा काहीच त्रास नसतो. जंतू त्याच्या आतड्यात सुखाने राहतात आणि विष्ठेवाटे अधूनमधून बाहेर पडतात. म्हणून कासव खाते-पिते आहे, टवटवीत आहे, यावरून काही ठरत नाही. एकदा तपासणी करून जंतू सापडला नाही म्हणूनही निर्धास्त होता येत नाही, कारण त्या दिवशी तो बाहेर पडला नसेल इतकेच. कासव स्वतःच्याच पाण्यात पोहते, त्यामुळे त्याची पाठ, पोट, पेटीतले दगड, पेटीची काच आणि ते पाणी, सगळे सारखेच समजायचे. (घरातल्या पालीही याच गटातल्या. पण पालीला कोणी मुके घेत नाही. कासवाला घेतात, मी पाहिले आहे.)

अमेरिकेने हा धडा आपल्या आधी गिरवला. तिथे १९६० ते ७० च्या दशकात अशी इवली कासवे घरोघरी होती आणि लहान मुलांत साल्मोनेलाचे आजार फार झाले. शेवटी १९७५ साली तिथल्या सरकारने चार इंचांपेक्षा लहान पाठीच्या कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. चार इंचच का? तर त्याहून लहान कासव मूल तोंडात घालू शकते. या बंदीमुळे दरवर्षी मुलांतले सुमारे एक लाख आजार टळले, असा तिथल्या अन्न व औषध प्रशासनाचा अंदाज आहे. तरीही चोरटी विक्री चालूच राहिली, आणि २००७ साली फ्लोरिडा राज्यात महिन्याच्याही आतले एक बाळ या जंतूने दगावले. घरात भेट म्हणून आलेले एक छोटे कासव होते. आपल्याकडे दुकानात मिळते ते नेमके याच मापाचे कासव.

कोणते कासव पाळावे, यापेक्षा कोणते पाळता येत नाही हे आधी समजून घेतले पाहिजे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार आपल्या मातीतली, आपल्या ओढ्या-तळ्यांतली कासवे संरक्षित आहेत. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेले स्टार कासव २०२२ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अनुसूचीत आहे. तळ्यातले मऊ पाठीचे कासवही त्याच यादीत आहे. पहिल्या अनुसूचीतला प्राणी बाळगल्यास किमान तीन वर्षे कैदेची तरतूद आहे. "आम्हाला कोणी तरी भेट दिले" हे उत्तर तिथे चालत नाही. स्टार कासवाबद्दल कायदा बाजूला ठेवला तरी एक गोष्ट सांगतो. ते कोरड्या, झुडपी मुलखातले जनावर आहे. आपल्या चार महिन्यांच्या पावसात, ओल्या भिंतींच्या घरात त्याला छातीचे विकार जडतात आणि ते खंगत जाते. पावसाळ्यात शेताच्या बांधावर किंवा अंगणात कासव आले तर त्याला बादलीत घालून घरी नेऊ नये. ते आपल्या वाटेने जात असते. जखमी असेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

उरले दुकानातले लाल पट्ट्याचे परदेशी कासव, ज्याला स्लायडर म्हणतात. ते अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले. परदेशी प्राण्यांच्या नोंदणीचे नियम अलीकडे बदलले आहेत. ज्यांच्या घरी ते आहे त्यांनी आपल्याला काही नोंद करावी लागते का, हे वन विभागात विचारून घ्यावे. नवीन आणू नये असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ज्या घरात पाच वर्षांखालचे मूल आहे तिथे तर नाहीच नाही. पण ज्यांच्याकडे ते आधीच आहे त्यांचे काय? ते प्लॅस्टिकच्या डबीत चार महिन्यांत मेले तर मुलाच्या मनावर जो ओरखडा उमटतो त्याचे औषध माझ्याकडे नाही. म्हणून पिल्लाची जागा कशी असावी, हे जरा विस्ताराने लिहितो. यातला बराचसा भाग मी दोन पशुवैद्य मित्रांना विचारून आणि वाचून जमवला आहे. बाकीचा भाग माणसांच्या पिल्लांवरून समजतो.

पहिली गोष्ट ऊन. माणसाच्या मुलाला ऊन मिळाले नाही तर ड जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम हाडात जिरत नाही आणि मुडदूस होतो, पाय वाकतात. कासवाच्या पिल्लाचेही अगदी तसेच. त्याची पाठ म्हणजे हाडच. ऊन नसेल तर ती मऊ पडते, बोटाने दाबली जाते, वेडीवाकडी वाढते. पुष्कळजण पेटी खिडकीपाशी ठेवतात आणि ऊन मिळते असे समजतात. पण ज्या अतिनील किरणांनी ड जीवनसत्त्व बनते ते खिडकीची काच बहुतांशी अडवते. म्हणजे उजेड मिळतो, ऊब मिळते, औषध मिळत नाही. म्हणून रोज सकाळी कोवळ्या उन्हात, उघड्यावर, पसरट टबात त्याला अर्धा-पाऊण तास ठेवावे. टबाचा निम्मा भाग सावलीत हवा. कासवाचे रक्त थंड असते, म्हणजे अंगातली उष्णता त्याला स्वतः आवरता येत नाही. तापले की त्याला सावलीत सरकता आलेच पाहिजे. काचेची पेटी मात्र कधीही उन्हात ठेवू नये. बंद मोटारीत बसलेल्या माणसासारखी पिल्लाची अवस्था होते, आणि एप्रिल-मेमध्ये तर चहा पिऊन होईपर्यंत सारे आटोपलेले असते.

आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत ऊन दुर्मीळ. या काळासाठी अतिनील किरणांची खास ट्यूब मिळते. ती पिल्लापासून फूटभराच्या आत आणि मध्ये काच न येता लावावी लागते. साधा पिवळा बल्ब ऊब देईल, पण मुडदूस टाळणार नाही. त्या ट्यूबचे एक गौडबंगाल असे, की सहा महिने ते वर्षभरात तिची खरी शक्ती ओसरते, पण प्रकाश दिसतच राहतो. म्हणून विकत घेतल्याची तारीख तिच्यावर लिहून ठेवावी.

दुसरी गोष्ट पाणी आणि कोरडी जागा. पाण्यातले कासव असले तरी त्याला पाण्याबाहेर येऊन सर्वांग कोरडे करावेच लागते. नाही तर पाठीवर बुरशी धरते. पेटीत एक चढउताराचा, खरखरीत, न डुगडुगणारा दगड किंवा लाकडाचा तुकडा हवा. नव्या, अशक्त पिल्लासाठी पाणी फार खोल ठेवू नये. उलटे पडले तर हातपाय मारून सुलटे होता येईल, एवढे खोल हवे, म्हणजे त्याच्या पाठीच्या रुंदीपेक्षा थोडे जास्त. अगदी उथळ पाण्यातही धोका असतो. पिल्लू उताणे पडते आणि वळायला पाणी पुरत नाही. पुढे ते जोमाने पोहू लागले की खोली वाढवायची. त्याच्या पाठीच्या दर इंचामागे ३५ ते ४० लिटर पाणी, असा हौशी लोकांचा ठोकताळा आहे. मादी वाढून जवळजवळ फूटभर लांब होते, वीस-तीस वर्षे जगते, तेव्हा गुणाकार ज्याचा त्याने करावा. दुकानात हा गुणाकार कोणी करून दाखवत नाही!

नळाचे पाणी दिवसभर उघडे ठेवून मग वापरावे, म्हणजे क्लोरीन निघून जाते. तळाशी रंगीत बारीक खडे घालण्याची फॅशन आहे, ती टाळावी. पिल्लू ते गिळते आणि आतडे अडते. कासवाच्या डोक्यापेक्षा मोठे, गुळगुळीत गोटे चालतील, पण खरे तर रिकामा तळ सर्वांत चांगला. साफ करायला सोपा पडतो.

तिसरी गोष्ट शत्रू. पेटी पडवीत किंवा गच्चीवर असेल तर वरून घट्ट जाळी हवीच. कावळा, घार, मांजर, मुंगूस आणि घूस, यांपैकी कोणालाही हे पिल्लू म्हणजे एक घास. जाळीची भोके एवढी लहान हवीत की घुशीचे तोंड आत जाऊ नये. कुत्रा घरातला, सवयीचा, प्रेमळ असला तरी त्याच्यासमोर पिल्लू जमिनीवर सोडू नये. त्याच्या लेखी ते चघळायचे हाड असते. आणि सर्वांत दुर्लक्षित शत्रू म्हणजे मुंग्या. उरलेल्या खाद्याच्या वासाने लाल मुंग्या येतात आणि कोरड्या दगडावर झोपलेल्या पिल्लाच्या डोळ्यांना लागतात. आपल्या आज्या दुधाच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवत, तीच युक्ती टेबलाच्या चार पायांना करावी. त्या वाट्यांतले पाणी मात्र दर दोन दिवसांनी ओतून टाकावे, नाही तर मुंग्या जातील आणि डास येतील.

वेळासला अंड्यांसाठी जे कुंपण घालतात ते ज्यांनी पाहिले असेल त्यांना हे लवकर समजेल. मंडणगड तालुक्यातल्या, नाना फडणवीसांच्या या गावात २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन कासव संवर्धनाला सुरुवात केली. ऑलिव्ह रिडले मादी वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालून निघून जाते. पूर्वी ती अंडी माणसे नेत, उरलेली कुत्री आणि कोल्हे उकरत. आता ती काढून, भरतीचे पाणी पोचणार नाही अशा उंचीवर, तेवढ्याच खोलीच्या खड्ड्यात ठेवतात आणि भोवती जाळीचे कुंपण घालतात. दीड-दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर यायच्या सुमारास वर टोपली पालथी घालतात आणि रोज सकाळ-संध्याकाळ ती उचलून पाहतात. पिल्लू आले की त्याला कुंपणात ठेवून घेत नाहीत. लगेच वाळूवर सोडतात आणि ते आपल्या पायांनी समुद्रात जाते. पोटात उरलेल्या बलकाच्या शिदोरीवर त्याला पहिले दिवस काढायचे असतात. ती शिदोरी बादलीत गोल गोल पोहण्यात खर्च झाली तर पुढे काय? पिल्लांना हात लावू नका, फ्लॅश मारू नका, असे तिथले कार्यकर्ते पर्यटकांना पुन्हा पुन्हा सांगतात. ज्या मुलांना कासव आवडते त्यांना फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथे किंवा आंजर्ले, गुहागरला न्यावे. दुकानापेक्षा एस.टी. स्वस्त पडते.

खाण्याबद्दल थोडक्यात. पिल्लांना मांसाहार जास्त लागतो. छोटी मासळी काट्यासकट, गांडूळ आणि चांगल्या प्रतीचे कासवाचे खाद्य द्यावे. मोठे होत जाईल तसा पाला वाढवावा. पाणवनस्पती, जास्वंदीची पाने चालतात. भात, पाव, बिस्किट, दूध हे त्याचे अन्न नव्हे. आपल्याकडे सुकट घरात असतेच म्हणून ती टाकतात, पण तिच्यातले मीठ त्याला सोसत नाही. रोज एकदा, त्याच्या डोक्याएवढे खाणे पुरे. कॅल्शियमसाठी भाट्याच्या किनाऱ्यावर समुद्रफेस मिळतो, म्हणजे माकुळाच्या जातीतल्या प्राण्याच्या पाठीतले पांढरे हाड. तो चांगला धुऊन, उकळून, वाळवून पाण्यात तरंगत सोडावा. पिल्लू हवा तेवढा कुरतडते. नुसत्या एकाच सुक्या खाद्यावर ठेवलेल्या पिल्लाचे डोळे सुजून बंद होतात. हे बहुधा अ जीवनसत्त्वाच्या अभावाने होते. अशा वेळी घरातले मुलांचे जीवनसत्त्वाचे थेंब घालू नयेत, मात्रा सहज जास्त होते. पशुवैद्याला दाखवावे. तोंड उघडे टाकून श्वास घेणे, नाकातून बुडबुडे, पाण्यात एका बाजूला कलणे, ही फुप्फुसाच्या आजाराची लक्षणे आहेत. त्यात थांबण्यासारखे काही नसते.

आता माणसांची बाजू. कासवाच्या पेटीची जागा स्वयंपाकघरात नको आणि जेवायच्या खोलीत नको. पेटी धुण्याची बादली, मग आणि ब्रश वेगळा, त्यावर रंगाने खूण केलेला असावा. घाण पाणी सिंकमध्ये किंवा मोरीत नव्हे, तर संडासात ओतायचे आणि वर भरपूर पाणी टाकायचे. विहिरीच्या आसपास तर मुळीच नाही. कासवाला, त्याच्या पाण्याला किंवा दगडाला हात लागला की साबणाने वीस सेकंद हात धुवायचे. नखांच्या कडा, बोटांच्या बेचक्या विसरायच्या नाहीत. पेटी धुण्याचे काम मोठ्या माणसाचे, मुलाचे नव्हे. मुलाने पाहावे, खायला घालावे आणि हात धुवावेत. कासवाला जमिनीवर फिरायला सोडायचे असेल तर ज्या फरशीवर बाळ रांगते तिथे नाही. एवढे सगळे करूनही पाच वर्षांखालचे मूल, प्रतिकारशक्ती कमी असलेला रुग्ण किंवा गरोदर स्त्री घरात असेल, तर कासव त्या घरात नसावे.

त्या सहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हाच पेच होता. वडील म्हणाले, "तळ्यात सोडून देतो." आजी म्हणाल्या, "साक्षात कूर्मावतार, घरातून कसा घालवायचा?" मुलगा काहीच बोलला नाही, पण आपल्यामुळे बहीण आजारी पडली असे त्याच्या मनाने घेतले होते, हे दिसत होते. त्याला मी बाजूला घेऊन सांगितले, की कासवाचा दोष नाही आणि तुझाही नाही. जंतू दिसत नाहीत, ते सिंकमधून गेले. वडिलांना मात्र तळ्यात सोडू नका म्हणून निक्षून सांगावे लागले. स्लायडर हे जगातल्या सर्वांत उपद्रवी परक्या प्राण्यांच्या शंभरांच्या यादीत आहे. आपल्या तळ्यात ते तगते, वाढते आणि तिथल्या आपल्या कासवांचे अन्न आणि उन्हाच्या जागा बळकावते. शेवटी चिपळूणला मुलाचे मामा आहेत, त्यांची मुले कॉलेजात शिकतात. कासव तिकडे गेले. मुलगा सुट्टीत जातो, आणि आता मामालाच हात धुवायला लावतो, असे कळले.

जुलाब सुरू झालेच तर काय करावे? पहिल्या तासापासून ओ.आर.एस. पाकिटावर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात कालवावे, कमी-जास्त नाही. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. अंगावरचे दूध चालूच ठेवायचे. मोठ्या मुलाला पेज, मऊ भात, केळे. डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंक दहा ते चौदा दिवस. जुलाब एकदम थांबवणाऱ्या गोळ्या मुलांना कदापि देऊ नयेत. औषधाच्या दुकानातून परस्पर अँटिबायोटिकही आणू नये. धडधाकट माणसाच्या साध्या साल्मोनेला जुलाबात त्याचा उपयोग होत नाही, उलट जंतू शौचावाटे जास्त दिवस पडत राहू शकतात. कोणाला ते द्यायचे हे तपासून ठरवावे लागते. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप, शौचात रक्त, सतत उलट्या, सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल, रडताना पाणी नाही, किंवा मूल गुंगीत, यांपैकी एकही लक्षण दिसले तर रात्र असली तरी निघावे. आणि डॉक्टरांना घरात कासव आहे हे न विचारता सांगावे. बरे झाल्यावरही काही आठवडे शौचातून जंतू पडत राहतात, म्हणून बाळाचे लंगोट बदलल्यावर हात धुण्यात ढिलाई नको.

जाता जाता विहिरीतल्या कासवाबद्दल, कारण हा प्रश्न मला आडवाटेच्या गावांतून नेहमी येतो. विहिरीत कासव असले की पाणी शुद्ध राहते, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. कासव पाण्यातले किडे, मेलेले बेडूक खाते, त्यामुळे पाणी स्वच्छ दिसते हे खरे. पण ते तिथेच राहते, तिथेच विष्ठा टाकते. नितळ पाणी आणि निर्जंतुक पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून विहिरीत वर्षानुवर्षे असलेल्या कासवाला बाहेर काढून त्रास देऊ नका, नवे आणून सोडू नका. ग्रामपंचायतीकडून टीसीएल पावडर ठरल्या वेळी पडते की नाही ते बघा, आणि पिण्याचे पाणी खळखळून उकळी फुटल्यावर आणखी मिनिटभर चुलीवर राहू द्या. ते झाकून ठेवावे आणि लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढावे.